बायका कुठं फवारतात?

दारव्ह्याला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत एक दवाखाना आहे, आणि तिथे डॉक्टरपेक्षा शीलाचं नाव जास्त चालतं. चालत होतं म्हणू. खेड्यावरून जीपमध्ये कोंबून आलेला माणूस उतरला की आधी विचारायचा, "शीलामॅडम हायेत का?" आहेत म्हटलं की त्याचं अर्धं दुखणं तिथेच उतरायचं. नाहीत म्हटलं की काही हट्टी लोक समोरच्या टपरीवर चहा पिऊन आल्या पावली परत जायचे. शीलाला हे ठाऊक होतं. ठाऊक नसल्याचं नाटक ती करायची, पण ते नाटक तिला फारसं जमत नसे.

ती जवळच्याच खेड्यातली. बाप धर्मपाल शाळेत शिपाई होता आणि पोरीनं पांढरा कोट घालावा याचा त्याला ध्यास होता. बारावीनंतर त्यानं तिला यवतमाळला एएनएमच्या, म्हणजे सहायक नर्सच्या, कोर्सला घातलं. त्यापुढे स्टाफ नर्सचा मोठा कोर्स करायचा होता, पण आई अंथरुणाला खिळली, मग लग्न झालं, मग दोन पोरी झाल्या, आणि राहिला तो कोर्स राहूनच गेला. या दवाखान्यात ती लागली तेव्हा इथे एक म्हातारे डॉक्टर होते. त्यांचा स्वभाव ऐसपैस. दारातून पेशंट आला की शीलानं नाडी धरायची, पापणी ओढून पाहायची आणि आत जाऊन सांगायचं, हा मलेरिया आहे, हिला कावीळ झाली, याला नुसता गॅस आहे. दहातले नऊ बरोबर निघायचे. दहाव्याचा हिशेब कोणी ठेवत नाही, शीलानंही ठेवला नाही.

म्हातारे डॉक्टर थकले आणि दवाखाना डॉक्टर नाहिदनं चालवायला घेतला. नाहिद इथल्याच कापडवाल्यांची मुलगी, नागपूरला शिकून आलेली, बोलायला मऊ पण कामात एकदम कडक. तिनं पहिल्याच महिन्यात शीलाला बसवून सांगितलं, "शीलाताई, पेशंट दाखल करताना ताप, नाडी, बीपी, वजन तुम्ही घ्या. पेशंट काय सांगतो, तुम्हाला काय दिसतं, ते जसंच्या तसं कळवा. पण पहिली तपासणी स्टाफ नर्सनं करायची. काय झालंय ते तुम्ही ठरवायचं नाही. पेशंटला तर मुळीच सांगायचं नाही. ही तुमच्या हुशारीची गोष्ट नाही, तुमच्या शिक्षणानं तुम्हाला जेवढं काम दिलंय त्याच्या हद्दीची गोष्ट आहे."

शीलानं मान डोलावली. घरी गेल्यावर मात्र नवऱ्यासमोर भांडी आपटली. "म्हंजे इतके वर्सं मी काय गोट्या खेळून राह्यली होती?" तिला फार लागलं होतं. खरं सांगायचं तर नियम तिला पटला नव्हता असं नाही, तिला त्यात आपली जागा गेल्यासारखं वाटलं होतं. लोक ज्या विश्वासानं तिच्या तोंडाकडे पाहायचे तो विश्वास कुणीतरी कपाटात ठेवून कुलूप लावल्यासारखं झालं होतं.

मग सगळीकडे होतं तेच इथे झालं. नियम भिंतीवर राहिला आणि काम जुन्याच वाटेनं चालू लागलं. स्टाफ नर्स होती नयन, दिग्रसची, पंचविशीची पोरगी. कोर्स मोठा केलेली, पण शीलाला जरा दबून असायची. गर्दी झाली की शीला म्हणायची, "मी पाह्यलं न, तू सही कर." नयन सही करायची. दोघींचंही काम हलकं व्हायचं, आणि डॉक्टर नाहिदला कळायचं कारण नव्हतं.

सप्टेंबरातला बाजाराचा दिवस होता. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, कमरेला लागलेली, सगळ्या तालुक्यात फवारणी जोरात. या दिवसांत दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक गड्याला शीलाचा एक प्रश्न ठरलेला असे, फवारणी केली का? फवारताना औषध लागून आलेली माणसं तिनं फार पाहिली होती, त्यामुळे तो प्रश्न तिच्या तोंडातून आपोआपच निघायचा.

दुपारी डॉक्टर नाहिद ऑपरेशनमध्ये होती. एका बाईचं सिझर चाललं होतं. नयन आतल्या वॉर्डात एका तापाच्या पोराला धरून बसली होती, त्याची सलाईनची सुई निघाली होती आणि ते बोंब मारत होतं. दाराशी शीला एकटी. तेवढ्यात जीप थांबली आणि नलू नावाची एक पोरगी आपल्या वहिनीला काखेत धरून आत आली. वहिनीचं नाव सत्यभामा. बाई तिशीतली, चांगली काटक, पण पाय लटपटत होते आणि पदरानं तोंड सारखं पुसत होती.

"उलट्या होऊन राह्यल्या मॅडम," नलू म्हणाली. "पोटात कळा येतात, जुलाबही झाले. वावरातून कसंतरी आनलं."

शीलानं तिला बाकावर बसवलं. ताप नव्हता. बीपी थोडं कमी. नाडी धरली तर ती संथ लागली, पन्नाशीच्या आसपास. शीलाच्या मनात बारीकसं काही टोचलं. इतक्या उलट्या-जुलाब झालेल्या बाईची नाडी धावायला हवी, ही रेंगाळत कशी? पण कष्टाच्या बायकांची नाडी असते अशी, असं तिनंच स्वतःला सांगितलं.

"काय खाल्लं होतं?"

"काल बाजारातले भजे आनले होते भावानं. सगळ्यायनं खाल्ले."

"फवारनी केली का?"

नलूला हसू आलं. "नाई जी. बायका कुठं फवारतात?"

सत्यभामानंही मान हलवली. शीलाला उत्तर मिळालं. रस्त्यावरचे भजे, तेच ते तेल, सगळं जुळत होतं. नलूचा चेहरा रडवेला झालेला पाहून तिला माया आली, आणि तिच्या तोंडून जे निघायला नको होतं ते सवयीनं निघून गेलं. "घाबरू नको व माय. काही नाई, पोट बिघडलं. सलाईन लागली का संध्याकाळी घरी."

नलूचा जीव भांड्यात पडला. तिनं तिथेच भावाला फोन लावला. "दादा, शीलामॅडमनं पाह्यलं. काही नाई म्हनतात, पोट हाय. तू येऊ नको, तुह्यं काम होऊ दे." फोन ठेवून तिनं जीपवाल्यालाही जा म्हणून सांगितलं.

नयन घाईघाईनं बाहेर आली. "मी पाहून घेते का ताई?"

"पाह्यलं मी. भज्यानं पोट बिघडलं. सही कर, अन् डॉक्टरले विचारून सलाईन लाव."

नयन क्षणभर घुटमळली. आतून त्या पोरानं पुन्हा भोकाड पसरलं. तिनं सही केली, ऑपरेशनच्या दाराशी जाऊन, उलट्या-जुलाबाचा पेशंट आहे, बाहेरचं खाल्लंय, असं सांगितलं. आतून सलाईनचा आणि उलटीच्या इंजेक्शनचा हुकूम आला. तिनं ते लावलं आणि परत पोराकडे धावली. सगळं इतकं सुरळीत झालं की कोणालाही वाटावं, काम असंच व्हायला हवं.

सलाईन अर्धी गेली तरी सत्यभामाला उतार पडेना. उलट ती जास्तच मलूल झाली. लुगडं खराब झालं होतं म्हणून शीला ते बदलायला गेली. हे काम तिचंच होतं. ब्लाउज पाहते तर पिळून काढावं इतका ओला. डोक्यावर पंखा गरगरत असताना एवढा घाम? उशीवर लाळेचा मोठा डाग पडला होता. बाई तोंड पुसत होती ते उलटीमुळे नव्हतं, तिच्या तोंडातून लाळ थांबतच नव्हती. शीलानं तिचा हात बाहीतून काढायला उचलला आणि तो तिच्या नाकाजवळ आला. कोपरापर्यंत पांढरट डाग वाळलेले होते, आणि वास तो, जो या दिवसांत सगळ्या शिवारात भरून असतो.

शीलानं तो हात तसाच धरून ठेवला. "नलू, हे हाताले काय लागलं हिच्या?"

"ते का? ते औषधाचं," नलू अगदी सहज म्हणाली. "ड्रममधलं कालवलं न सकायपासून. काडी मोडली तं हातानंच कालवलं."

"तू त म्हनली फवारनी केली नाई!"

"नाईच केली. फवारते दादा. वयनी पानी आनते, ड्रम कालवते, पंप भरून देते. ते तं आमी बाया रोजच करतो."

पोरगी खोटं बोलली नव्हती. तिच्या हिशेबी फवारणी म्हणजे पाठीवर पंप घेऊन पिकाच्या ओळींतून चालणं, आणि ते गड्याचं काम. बाकीचं सगळं म्हणजे पाणी भरणं. शीला स्वतः खेड्यातली, तिची आई याच कामाला जायची. तिला हे ठाऊक असायलाच हवं होतं. तिनं वर्षानुवर्षं गड्यांना विचारायचा प्रश्न एका बाईला विचारला, आणि नाही ऐकून समाधान मानलं.

औषधांचं कपाट चार हातांवर होतं. वरच्या कप्प्यात अॅट्रोपिनच्या नळ्या. विषबाधेच्या पेशंटला तेच देतात हे तिनं कितीदा डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हातारे डॉक्टर असते तर आतूनच ओरडले असते, शीला, दे तू, मी येतो. ती कपाटाशी गेली. दार उघडलं. नळी हातात घेतली. बाहेर बाजाराचा गलबला, आत ऑपरेशनच्या दारावर लाल दिवा, आणि मागे खाटेवर ती बाई कण्हत होती. एक इंजेक्शन दिलं तर आपली चूक आपणच पुसून टाकू, कोणाला काही सांगायलाच नको, असा विचार तिच्या मनात आला. आला हे खोटं कशाला म्हणा.

पण दुसरा विचारही लगेच आला, आणि तो फार कडू होता. मघाशीही मीच ठरवलं होतं. तेव्हाही मला अशीच खात्री होती. मग आताच्या खात्रीवर भरवसा कोणी ठेवायचा, आणि किती द्यायचं ते कोण ठरवणार, मीच? तिनं नळी जागेवर ठेवली आणि वॉर्डात पळत गेली.

"नयन, ऊठ. ते पोरगं त्याच्या मायजवळ दे."

"काय झालं ताई?"

औषधाचं नलूनं आत्ताच सांगितलं, असं म्हणून सुटता आलं असतं. नयननं विश्वासही ठेवला असता. शीला म्हणाली, "मी चुकली. पोट हाय असं मी ठरवलं, अन् तुले पाहू नाई देल्लं. आता मी काय झालं ते सांगत नाई, मले काय दिसलं ते सांगते. सकायपासून फवारनीचं औषध हातानं कालवलं तिनं. नाडी पन्नास, ते मले आल्या-आल्याच दिसलं होतं. घामानं भिजली, लाळ थांबत नाई. तू ये, अन् तूच पाह्य."

नयनचा चेहरा पांढराफटक पडला. सही तिची होती. पण ती उठली. तिनं खिशातली बॅटरी काढून सत्यभामाच्या डोळ्यांत मारली. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. छातीला स्टेथोस्कोप लावला तर आत पाण्यासारखी खरखर. मांडीचं मांस आपोआप थरथरत होतं. यातलं काहीही शीलानं पाहिलं नव्हतं, कारण तिला आधीच सगळं कळलं होतं.

नयन ऑपरेशनच्या दारावर धडकली. "मॅडम, मघाचा पेशंट पोटाचा नाही! औषध लागलंय, कातडीतून. बाहुल्या बारीक, छाती भरलीय." आतून नाहिदचा आवाज आला, बारीक आणि टोकदार. किती अॅट्रोपिन, किती वेळानं पुन्हा, काय पाहत राहायचं, ऑक्सिजन, आणि अंगावरचे सगळे कपडे काढून साबणपाण्यानं धुवा. "टाके घालते आणि येते. तोवर नयन, तू तिच्या उशाशी. हलायचं नाही."

नयननं इंजेक्शन दिलं. शीलानं हातमोजे चढवले, बादल्या भरल्या आणि सत्यभामाला धुवायला घेतलं. हात, बगला, मान, नखं, केसांची मुळं. एकदा, दोनदा, पुन्हा. नलू कोपऱ्यात उभी राहून पाहत होती. तिला आता समजायला लागलं होतं, आणि समजल्यावर ती शीलावर जी उसळली ती उसळलीच.

"तुमीच तं म्हनल्या काही नाई म्हनून! मी दादाले येऊ नको म्हटलं. तो अजून फवारूनच राह्यला तिथं, त्याच ड्रममधून!"

शीलाचा हात थांबला. हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिचं एक वाक्य दवाखान्याच्या बाहेर पडून वावरापर्यंत गेलं होतं, आणि तिथे एक माणूस त्याच्या भरवशावर पाठीवर पंप घेऊन चालत होता. "लाव फोन," ती म्हणाली, "लाव लवकर, त्याले म्हन पंप उतरव, कपडे काढ, आंघोळ करून इकडं ये."

फोन वाजत राहिला. पंपाच्या आवाजात त्याला ऐकू येत नसणार. नलू पुन्हा लावायची, पुन्हा तेच. इकडे सत्यभामाचा श्वास असा ओढल्यासारखा चालला होता की प्रत्येक श्वासानंतर शीला पुढच्याची वाट पाहायची. नयन नाडीवर बोट ठेवून पुटपुटत मोजत होती. दुसरं इंजेक्शन गेलं. मग तिसरं. "दादा उचलत नाई," नलू रडत म्हणाली, आणि पुन्हा नंबर दाबू लागली.

डॉक्टर नाहिद बाहेर आली ती हातमोजे ओढून काढतच. तिनं छाती ऐकली, बाहुल्या पाहिल्या, अजून औषध द्यायला लावलं. मग मान न वळवता तिनं विचारलं, "मला दाराशी पोट म्हणून सांगितलं, तेव्हा हिला तपासलं कोणी होतं?"

"मी नाही तपासलं मॅडम. सही माझी आहे," नयन म्हणाली.

"मी करू नाई देल्लं तिले," शीला म्हणाली. "अन् नातेवाइकायलेही मीच सांगितलं."

नाहिदनं दोघींकडे पाहिलं. तिला राग आला होता, तो लपत नव्हता. "यावर आपण बोलणार आहोत, आणि ते तुम्हाला आवडणार नाही. आत्ता पेशंट."

हळूहळू छातीतली खरखर विरळ झाली. नाडी वर चढली. लाळ थांबली आणि सत्यभामाचं तोंड कोरडं पडलं, तेव्हा नाहिदनं पहिल्यांदा खुर्ची ओढून घेतली. धोका टळला असं तिनं म्हटलं नाही. एवढंच म्हणाली की औषधाला दाद देतेय, यवतमाळला हलवायची गाडी सांगून ठेवा, आणि डोळ्यात तेल घालून बसा.

नलूचा फोन लागला तो यानंतर; रडत रडत तिला एवढंच सांगता आलं, की वहिनीला औषध लागलंय, पंप उतरव, आंघोळ करून ये. आणि ऊन कलत आलं असताना सत्यभामाचा नवरा दवाखान्याच्या दारात उभा राहिला. आंघोळ बिंघोळ काही नाही, कुणाच्या तरी मोटरसायकलवर बसून तो वावरातून तसाच आला होता. त्यानं काचेतून बायकोला पाहिलं. ती डोळे मिटून पडली होती, पण छाती वरखाली होत होती. बाकावर बसलेल्या दहा-बारा लोकांसमोर तो शीलाच्या पाया पडायलाच वाकला.

"मॅडम, तुमच्यामुळं वाचली जी. तुमी होत्या म्हनून."

बाकावरचे लोक कौतुकानं पाहत होते. शीलामॅडमच त्या, असं कुणीतरी शेजारणीला सांगितलंही. शीला मागे सरकली. ही माणसं उद्या गावोगाव काय सांगतील ते तिला ठाऊक होतं, आणि आपण गप्प बसलो तर काय सांगतील तेही.

"माझ्यामुळं नाई भाऊ," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "माझ्यामुळं उशीर झाला. मी न तपासता पोट हाय म्हनून सांगून मोकळी झाली. ते सांगनं माझं कामच नव्हतं. तुमच्या बायकोले नयन मॅडम अन् डॉक्टर वाचवून राह्यले."

बाकावर कुजबुज झाली. शीलाला वाटलं हा आता ओरडेल, शिव्या देईल, आणि तिनं त्या ऐकून घ्यायची तयारी केली होती. पण त्या माणसानं आपले दोन्ही हात समोर धरून पाहिले. हात स्वच्छ होते, मनगटाच्या वर मात्र पांढरट रेघ होती, हातमोजा संपतो तिथे.

"दुकानदारानं एकच जोड देल्ला होता," तो म्हणाला. "मी घातला. तिले कायले पाह्यजे असं वाटलं मले. ती कुठं फवारत होती?"

शीलाच्या मनातला त्रागा, लाज, सगळं एकदम डोळ्यांत आलं आणि तिनं ते पुसलं नाही. तिनं त्याच्या दंडाला धरून त्याला मोरीकडे नेलं, नळ सोडला आणि साबण त्याच्या हातात दिला.

"शर्ट काढा. अंग चांगलं चोळून धुवा. मग बसा इथं," ती म्हणाली. "मी नाडी घेते, अन् नयन मॅडमले बोलावते. त्या तपासतील तुम्हाले."